वाचकांचे प्रश्न : गुन्हेगारीशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास

मागील अंकात न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्या, बंद्यांविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची विचारणा एकच होती : या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण कुठे घ्यावे आणि ते घेऊन पुढे काय करावे? त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गुन्हेगाराच्या मनात काय चालते याचे मला शाळेपासून कुतूहल आहे आणि गुन्हेतपासाच्या मालिकांचा एकही भाग मी चुकवलेला नाही. क्रिमिनॉलॉजीत एम.ए. करावे, फोरेन्सिक सायन्सकडे वळावे की क्रिमिनल सायकॉलॉजी निवडावी, हे ठरत नाही. महाराष्ट्रात राहून हे शिक्षण घेता येईल का?
(विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : ही तिन्ही नावे एका दमात घेतली जातात, त्यामुळे तुमचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. घटनास्थळी सापडलेले रक्त कोणाचे, मृत्युपत्रावरील सही खरी की बनावट, मोबाइलमधून काय पुसले गेले, याची उत्तरे न्यायसहायक विज्ञान, म्हणजेच फोरेन्सिक सायन्स, देते, आणि त्यासाठी मुळात विज्ञान शाखेची पदवी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, परंतु मानसशास्त्रातील बी.ए. करणाऱ्या विद्यार्थिनीची वाट त्यांच्या दारातून जात नाही. न्यायसहायक मानसशास्त्र मात्र तुम्हाला खुले आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात ते शिकवले जाते, आणि आरोपीची मानसिक स्थिती, साक्षीची विश्वासार्हता, पुन्हा गुन्हा घडण्याचा संभव अशा बाबी त्यात येतात.

गुन्हेगारीशास्त्राचे, म्हणजे क्रिमिनॉलॉजीचे, प्रश्न या दोन्हींहून वेगळे आहेत. समजा, एकोणीस वर्षांच्या मुलाने दुचाकी चोरली. पोलीस विचारतात, चोरी कोणी केली? प्रयोगशाळा विचारते, हँडलवरचे ठसे कोणाचे? गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी विचारतो की असाच उद्योग करणाऱ्या दहा मुलांपैकी काहींना ठाण्यातून दम देऊन घरी पाठवले गेले असताना हाच तुरुंगापर्यंत कसा पोहोचला, तिथे सहा महिने राहून तो काय शिकला, आणि बाहेर आल्यावर त्याला काम कोण देणार आहे. एखादे कृत्य गुन्हा ठरते कसे, कोणाच्या राजवटीत आणि कोणाच्या सोयीसाठी, हाही याच शास्त्राचा प्रश्न आहे.

तुमच्या कुतूहलाला मी नाउमेद करू इच्छित नाही, पण त्या कुतूहलाचा इतिहास तुम्हाला ठाऊक असावा. इटलीतील चेझारे लोम्ब्रोसो या वैद्याने कैद्यांच्या कवट्या आणि चेहरे मोजून १८७६ साली असे प्रतिपादन केले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात. तो सिद्धान्त पुढे टिकला नाही. १९३९ साली एडविन सदरलँड यांनी अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांसमोर भाषण करताना पांढरपेशा गुन्हेगारीची संकल्पना मांडली आणि आपल्याच ज्ञानशाखेला अडचणीत टाकले, कारण गुन्ह्याचे मूळ गरिबीत किंवा बिघडलेल्या मनात आहे असे मानले, तर सुशिक्षित, सुस्थितीतील आणि मानसिकदृष्ट्या धडधाकट संचालक भागधारकांना का फसवतो, याचे उत्तर देता येत नाही. मनाचा अभ्यास जरूर करा, मात्र तो या प्रश्नाला सामोरा जाऊन करा.

आता ठिकाणांविषयी. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात गुन्हेगारीशास्त्र व न्याय ही जुनी विशेष शाखा आहे. तेथील प्रवेशासाठी सध्या सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरील सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्राबाहेर पाहायचे झाल्यास मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाचा विभाग १९५९ पासून आहे. केंब्रिज विद्यापीठाची गुन्हेगारीशास्त्र संस्थाही त्याच वर्षी सुरू झाली, आणि त्या काळात या दोन ठिकाणांमधील अंतर आजच्याइतके मोठे वाटत नसावे. याशिवाय चेन्नईचे मद्रास विद्यापीठ, तिरुनेलवेलीचे मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठ, गांधीनगरजवळचे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ ही ठिकाणे आहेत. साताऱ्याहून धारवाड एकाच महामार्गावर आहे आणि सांगली-कोल्हापूरकडच्या विद्यार्थ्यांना तर ते मुंबईपेक्षा सोयीचे पडते, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन दोन गोष्टी विचारा. पहिली, क्षेत्रकार्य आठवड्यातून किती दिवस असते आणि ते प्रत्यक्ष कुठे होते : न्यायालयात, कारागृहात, बालगृहात, की वर्षातून एकदा बसमधून जाऊन घेतलेल्या भेटीला क्षेत्रकार्य म्हणतात? दुसरी, मागील तीन वर्षांचे प्रबंध ग्रंथालयात पाहायला मिळतील का? ज्या विभागाचे प्रबंध कपाटात कुलूपबंद असतात, तिथे शिकवण्याचे कामही बहुधा पुस्तकातूनच चालते.

माझे पहिले क्षेत्रकार्य एका जिल्हा कारागृहाच्या मुलाखतीच्या खिडकीबाहेर, लाकडी बाकावर झाले. शेजारी बसलेल्या बाईंच्या मुलाला तीन आठवड्यांपूर्वी जामीन मंजूर झाला होता, तरीही तो आतच होता, कारण सातबारा घेऊन उभा राहील असा जामीनदार त्यांना मिळत नव्हता. जामीन मिळणे आणि सुटका होणे या दोन गोष्टींत तीन आठवडे मावू शकतात, हे माझ्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नव्हते. माझ्या शिक्षणाची सुरुवात मी त्या बाकापासून मोजते.

प्रश्न : माझ्या मुलीने समाजशास्त्रात पदवी घेतली असून तिला गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करायचे आहे. तुरुंगात, पोलीस ठाण्यात मुलीने जाणे घरात कोणालाच पसंत नाही. शिवाय नोकरी मिळणार का, हा प्रश्न आहेच. कृपया स्पष्ट लिहावे.
(पालक, इचलकरंजी)

उत्तर : आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून नोकरीपासूनच सुरुवात करते. या पदवीचे नाव घेऊन निघणाऱ्या सरकारी जाहिराती मोजक्याच असतात. महिला व बालविकास विभागातील परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातील विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते ही पदे या विषयाला जवळची आहेत, परंतु त्यांतील बरीचशी कंत्राटी असतात आणि मानधन कामाच्या मानाने कमी असते. जाहिरातीत अनेकदा समाजकार्य, समाजशास्त्र, बालविकास, मानसशास्त्र किंवा विधी यांची पदवी मागितलेली असते. त्यामुळे निव्वळ गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.पेक्षा समाजकार्याच्या पदवीतून केलेली ही विशेष शाखा आपल्या राज्यात अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, पण तो शिकवणारे विभागच थोडे असल्याने जागाही थोड्या आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मात्र तो वैकल्पिक विषय नाही, हे विसरू नये. बँका आणि विमा कंपन्यांच्या फसवणूक-प्रतिबंध विभागांत अलीकडे अशा विद्यार्थ्यांना काम मिळू लागले आहे, अर्थात त्यासाठी संगणक आणि हिशेब दोन्ही यावे लागतात.

परिविक्षा अधिकारी करतात काय, हे घरात समजले तर विरोध थोडा मावळेल असे वाटते. १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमानुसार न्यायालयाला काही गुन्ह्यांत दोषी व्यक्तीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते, आणि त्या निर्णयाआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल असल्यास तो विचारात घ्यावा लागतो. बाल न्याय मंडळापुढे आलेल्या मुलाचा सामाजिक तपासणी अहवालही असाच कोणीतरी त्याच्या वस्तीत, शाळेत, घरात जाऊन लिहितो. मुलगा सोळा वर्षांचा झालेला असेल आणि गुन्हा निर्घृण म्हणून वर्गीकृत असेल, तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालावा का, याच्या प्राथमिक मूल्यांकनात त्याच्या परिस्थितीची जी माहिती मंडळासमोर येते, त्यात या अहवालाचा वाटा असतो. चार पानांचा अहवाल नीट लिहिला गेला की नाही, यावर एखाद्या मुलाची पुढची दहा वर्षे अवलंबून राहू शकतात.

सुरक्षिततेविषयी एवढेच सांगेन की कारागृहात विद्यार्थिनी एकटी हिंडत नसते. परवानगी, वेळ, जागा आणि सोबतचा कर्मचारी हे सर्व आधी ठरलेले असते. मला स्वतःला भीतीपेक्षा कंटाळ्याने अधिक छळले, कारण कारागृहाच्या दारात वाट पाहण्यात जो वेळ जातो, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ती वाट पाहण्याची तयारी मुलीजवळ आहे का, हे तिलाच विचारा. पोलीस ठाण्यांबाबत म्हणाल, तर महिला व बालकांसाठी विशेष कक्षाचे काम मुंबईत १९८४ साली टाटा संस्थेच्याच पुढाकाराने पोलीस यंत्रणेच्या आत सुरू झाले आणि तेव्हापासून समाजकार्य शिकलेल्या स्त्रिया ते चालवीत आल्या आहेत.

प्रश्न : मी पोलीस अंमलदार असून सेवेला बारा वर्षे झाली आहेत. नोकरी सांभाळून या विषयात काही करता येईल का? पदोन्नतीला उपयोग होईल का?
(नाशिक जिल्हा)

उत्तर : पदोन्नती सेवाज्येष्ठता आणि खात्याच्या परीक्षांवर चालते. या पदवीने ती लवकर मिळेल अशा समजुतीने पैसे आणि रजा खर्च करू नका. अभ्यासाचीच ओढ असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची फौजदारी न्यायविषयक पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते. प्रवेशापूर्वी खात्याची लेखी परवानगी घ्या.

तुमच्याजवळ एक भांडवल आहे, जे वर्गातील इतरांजवळ नसते. तक्रार घेऊन आलेला माणूस कोणत्या टप्प्यावर परत फिरतो, अदखलपात्र नोंद करून कोणाची बोळवण होते, पंच म्हणून तीच ती माणसे का सापडतात, हे तुम्ही पाहिले आहे. गुन्हेगारीशास्त्रात ‘अंधारातला आकडा’ म्हणजे नोंदच न झालेले गुन्हे, या संकल्पनेवर ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्या अंधाराच्या दारात तुम्ही बारा वर्षे उभे आहात, तेव्हा शिकताना ते विसरून जाऊ नका.

प्रश्न : मी एलएल.एम.च्या दुसऱ्या सत्रात असून ‘पारधी समाजातील गुन्हेगारी : एक अभ्यास’ हा प्रबंधाचा विषय घेतला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी आणि कारागृहातील पन्नास मुलाखती अशी योजना आहे. मार्गदर्शकांनी मान्यता दिली आहे. आपले मत हवे आहे.
(विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मार्गदर्शकांचा मान राखूनही मला सांगावे लागते की हे शीर्षक बदलावे. ‘अमुक समाजातील गुन्हेगारी’ असे म्हणताच आपण उत्तर आधी लिहून प्रश्न नंतर विचारतो, आणि या विशिष्ट समाजाच्या बाबतीत ते उत्तर आपल्या आधी ब्रिटिश सरकारने लिहून ठेवले आहे. लोम्ब्रोसोचा ग्रंथ १८७६ चा. त्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता आणि व्यक्तीने काही करण्यापूर्वीच संपूर्ण जमातीला गुन्हेगार ठरवण्याची सोय त्यात केली होती. तो पुढे १९११ आणि १९२४ साली विस्तारला. हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी, कुंपणाआडच्या वसाहती हे सर्व त्याच्याच पोटातून आले. सोलापूरची ‘सेटलमेंट’ ही नुसती वस्ती नव्हती, हे तिथले जुने लोक आजही सांगतील. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या, पण सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राहिले आणि मुंबई राज्याने १९५९ साली आपला असा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात कारागृहांतील जातिनिहाय कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दाआडून विमुक्त जमातींकडे कारागृह नियमावली कशी पाहतात, याचीही दखल घेतली. तो निकाल मुळातून वाचल्याशिवाय प्रबंधाचे पहिले पान लिहू नका.

आकडेवारीचीही तीच गत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या कारागृहविषयक अहवालात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग असे रकाने आहेत, विमुक्त जमातींचा वेगळा रकाना नाही. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही तिथे शोधणार आहात, तो प्रश्न त्या तक्त्याने विचारलेलाच नाही. गुन्ह्यांच्या अहवालात एका प्रथम खबरीत अनेक कलमे असली तरी सर्वांत गंभीर तेवढे एकच मोजले जाते. एखाद्या राज्याचा दर अधिक दिसला, तर तिथे गुन्हे अधिक घडतात असे नाही. तिथे नोंद अधिक होते असेही असू शकते, आणि केरळचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. न नोंदलेल्याचा अंदाज हवा असेल, तर २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण शेजारी ठेवून पाहा : विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. ती मदतही बहुतेक वेळा माहेरची असते, पोलिसांची नव्हे.

तुमच्या जागी मी असते, तर विषय असा घेतला असता : एका तालुक्यात तीन वर्षांत दाखल झालेल्या ‘चॅप्टर केसेस’ आणि त्यांचा शेवट. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची १२८ आणि १२९ ही कलमे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची १०९ आणि ११०, संशयित किंवा सराईत म्हणून कोणाकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेतात, किती प्रकरणांत पुरावा तपासला जातो आणि त्यांत कोणत्या वस्त्यांचे पत्ते पुन्हा पुन्हा येतात, हे कागदोपत्री पाहता येते. हे काम मुलाखतींपेक्षा रुक्ष आहे, यात शंका नाही. पण त्यातून जे हाती येईल, ते दुसऱ्या कोणाकडे नसेल.

पन्नास मुलाखतींविषयी माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. न्यायाधीन बंद्याला त्याच्यावरील आरोपाविषयी काहीही विचारू नये. तुम्ही त्याचे वकील नाही, तुमच्या वहीला कायद्याचे संरक्षण नाही, आणि तो जे बोलेल ते उद्या त्याच्याच विरोधात जाऊ शकते. शिवाय शेजारी शिपाई उभा असताना दिलेल्या संमतीला संमती म्हणावे का, याचा विचार करा. मुलाखती घ्यायच्याच असतील, तर अटकेनंतर घर कसे चालते, न्यायालयाची तारीख असूनही पोलीस बंदोबस्त नसल्याने किती वेळा जाता आले नाही, वकील कधी भेटला, एवढ्यापुरत्या ठेवा. कारागृह विभागाच्या पुण्यातील मुख्यालयाकडे अर्ज करताना प्रश्नावली आणि महाविद्यालयाचे पत्र जोडावे लागते. उत्तर यायला महिने लागतात, म्हणून अर्ज या आठवड्यातच पाठवा. विषय बदलला तरी अर्ज वाया जात नाही.

२०२२ च्या अहवालानुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे चारांपैकी तीन. त्यांना सोडवण्यासाठी कायद्यात काय आहे, हेही तुमच्या प्रबंधाच्या परिघात येते. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर जामीन मिळण्याची तरतूद आहे, अर्थात देहान्त किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले प्रलंबित असलेल्यांना ती लागू नाही. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी आर्थिक साहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना २०२३ पासून आहे. तुमच्या जिल्ह्यात तिचा लाभ किती जणांना झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारून पाहा. एका अर्जाचा हा विषय स्वतंत्र प्रबंधाइतका मोठा निघू शकतो.

प्रश्न : इंग्लंडमध्ये एका वर्षात एम.एस्सी. क्रिमिनॉलॉजी होते असे कळले. कर्ज काढून जावे का?
(पदवीधर, ठाणे)

उत्तर : कर्ज काढून, आणि तेही पदवीनंतर लगेच, जाऊ नये. तिथला अभ्यासक्रम उत्तम असतो, परंतु तो त्यांच्या कारागृहांविषयी, त्यांच्या परिविक्षा सेवेविषयी आणि त्यांच्या न्यायालयांविषयी असतो. आपल्याकडचा अनुभव गाठीशी नसेल, तर तुलना कशाशी करणार? शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून तीस लाखांच्या पुढे जाणारी रक्कम या क्षेत्रातील मानधनातून फेडणे फार अवघड आहे.

शिष्यवृत्ती मिळाली तर मात्र अवश्य जावे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचाव्यात. तोवरची दोन वर्षे तुमच्याच शहरात घालवता येतील : ठाण्यात मध्यवर्ती कारागृह आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि लोकांना कायदेविषयक मदत करणाऱ्या विधी स्वयंसेवकांना प्राधिकरण प्रशिक्षण देत असते. कायद्याची पदवी त्यासाठी आवश्यक नाही. पुढील प्रशिक्षण कधी आहे, ते कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारावे, कारण दूरध्वनीवर बहुधा ‘साहेब बाहेर गेलेत’ एवढेच उत्तर मिळते.